बिननाक्यांच्या देशातला स्वयंपाक

वहिनीच्या नाकाबद्दल गल्लीत ज्या गोष्टी सांगितल्या जात, त्यातल्या निम्म्या लहान्याने पसरवलेल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या खऱ्या होत्या. कुठल्या खऱ्या आणि कुठल्या त्याच्या, हे एव्हाना त्यालाही धड सांगता आलं नसतं. तळमजल्यावर कांदा परतता परतता ती वरच्या बिऱ्हाडाला हाक मारायची, "अगं, दूध उतू चाललंय तुझं," आणि वरची बाई धावत जाऊन बघायची तर दूध अजून शेगडीवर चढायचंच असायचं. गिरणीसमोर वहिनीची खानावळ होती तेव्हा जिन्यावर पाऊल पडायच्या आत ती सांगायची, आज कोण भिजून आलाय, कोण बायकोशी भांडून आलाय आणि कोण बाहेर खाऊन येऊन इथे उपाशी असल्याचं नाटक करणार आहे. भांडणाला वास असतो का, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "असतो. करपलेल्या डाळीचा."

तर असं ते नाक एका तापात गेलं. म्हणजे चेहऱ्यावर जागच्या जागी होतं, सरळ आणि थोडं शेंड्याला लाल, पण आतलं दुकान बंद. ताप आठवड्यात उतरला. वास गेला तो गेलाच आणि त्याच्या मागोमाग चवही निघून गेली. आयुष्यभर शेकडो माणसांना जेवू घातलेली बाई ताटासमोर बसायची, एक घास तोंडात घोळवायची आणि म्हणायची, "ओला पुठ्ठा खाल्ल्यासारखं वाटतंय रे. उचला."

सुनेने काय काय करून पाहिलं. मिरची वाढवली, लिंबू पिळलं, आलं किसून घातलं. वहिनीच्या डोळ्यांतून पाणी यायचं, जिभेवर काही यायचं नाही. मुलगा बोटीवर नोकरीला, सहा-सहा महिने समुद्रात, फोनवर तो म्हणायचा, "आईला आवडीचं करून द्या." आवडीचं हेच तर हरवलं होतं. वहिनीचं मनगट इतकं बारीक झालं की बांगडी कोपरापर्यंत जायची.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी लहान्याला आणि सुनेला बाहेरच्या बाकड्यावर बसवून स्पष्ट सांगितलं. "पुढच्या भेटीला वजन आणखी उतरलेलं दिसलं तर मी थांबणार नाही. नाकातून नळी घालावी लागेल."

"त्याच नाकातून?" लहान्याने विचारलं.

डॉक्टरीणबाईंना तो विनोद वाटला. सुनेला कळलं की तो विनोद नव्हता.

लहान्या हे त्याचं नाव नव्हे. वहिनी एकोणीस वर्षांची नवी नवरी म्हणून या घरात आली तेव्हा सासू जाऊन महिनाही झाला नव्हता आणि धाकटा दीर सहा वर्षांचा होता. तिने त्याला लहान्या म्हटलं. आता सत्तरी उलटून त्याच्या भुवयाही पांढऱ्या झाल्या तरी तो लहान्याच राहिला. बाहेर मात्र त्याला थापाडेकाका म्हणत, आणि तो ते पदवीसारखं मिरवायचा. नोकरी त्याने रेडिओत केली, आणि तीसुद्धा न दिसणारी. श्रुतिकांमधले आवाज तो करायचा. पत्र्याच्या ताटात सुके वाटाणे फिरवून पाऊस पाडायचा, चकचकीत कागद चुरगाळून जंगल पेटवायचा, दोन लाकडी वाट्यांवर अख्खं घोडदळ पळवायचा. खलनायकाची हाडं मोडायची तर तो गाजर मोडायचा. वहिनीच्या खानावळीत गाजरं कमी पडायला लागली की ती विचारायची, "आज कुणाला मारलंस?"

त्या बाकड्यावरून घरी येताना त्याच्या डोक्यात आलं ते गाजरच. जेवण अर्धं कानाने होतं, हे त्याला धंद्यामुळे ठाऊक होतं. ऐकणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटावं म्हणून त्याने मायक्रोफोनसमोर काय काय फोडलं, चावलं, तळलं होतं. नाक गेलं, जीभ गेली, पण वहिनीचे कान शाबूत होते. शेजारच्या खोलीत तिच्याबद्दल कुजबुजलेलं तिला बरोब्बर ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेने मऊ भाताची वाटी वहिनीसमोर ठेवली. मागच्या दाराच्या पडद्याआड लहान्या स्टुलावर बसला, मांडीवर गाजरांची जुडी, हात वहिनीच्या कानापासून वीतभर अंतरावर. वहिनीने घास घेतला, दात मिटले आणि त्याने टोक मोडलं. कर्र.

वहिनी क्षणभर थांबली. पुन्हा चावली. कर्र. तिच्या भुवया वर गेल्या. तिने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. सून समोर बसून बघत होती. लहान्याला ताल सापडला. चाळीस वर्षांचा अनुभव होता. घोडे पळवलेल्या माणसाला एका म्हातारीचे चार दात काय अवघड. डोळे मिटून तो रंगात आला, आणि तिथेच फसला. वहिनी चावायची थांबली होती. सुनेला काहीतरी विचारायला तिने तोंड उघडलं होतं. आणि त्या उघड्या तोंडातून, भरदुपारी, आवाज आला: कर्र, कर्र, कर्रकर्र.

सुनेला ठसका लागला.

"लहान्या," वहिनी मागे न वळता म्हणाली.

पडद्याआड गाजराचा एक तुकडा जमिनीवर पडला.

"बाहेर ये. आणि मला सांग, माझ्या तोंडात कुणाचे दात वाजतायत?"

तो गाजरं घेऊनच बाहेर आला. रेडिओत चूक झाली की गाणं लावून वेळ मारून नेता यायची. इथे समोर वहिनी होती. तिच्या डोळ्यांत राग असता तर त्याने ऐकून घेतला असता. पण तिथे लाज होती, आपल्याला पोरासारखं फसवून भरवावं लागतंय याची. ती त्याला बघवेना. म्हणून त्याने आयुष्यभर जे केलं तेच केलं.

"रिवाज आहे तो," तो म्हणाला.

"कुठला रिवाज?"

"बिननाक्यांचा. त्यांच्यात वडीलधारं माणूस जेवायला बसलं की मागे एक जण बसतो. त्याला वाजव्या म्हणतात. घरातला सगळ्यात लाडका असेल त्यालाच तो मान."

"बिननाके म्हणजे कोण मेले?"

"एक देश आहे," लहान्या खुर्ची ओढून बसला. "तिथे जन्मतःच कुणाला नाक नसतं. चमच्याची पाठ असते ना, तसा सपाट चेहरा. वास नावाची भानगडच नाही त्यांना. पण काय सांगू, स्वयंपाकात त्यांचा हात धरणारं कुणी नाही."

वहिनीने वाटी बाजूला सारली. "चष्मा कशावर ठेवतात?"

"दोऱ्याने बांधतात. त्यामुळे तिथे चष्मेवाल्यापेक्षा दोरेवाला गब्बर."

"शेजारणी काय करतात? नाक मुरडता येत नाही म्हटल्यावर."

"कान हलवतात. आणि तिथे कुणी कुणाच्या कारभारात नाक खुपसत नाही, त्यामुळे सुना सुखी आहेत."

सून तोंडाला पदर लावून बसली होती. वहिनीने तिच्याकडे एक नजर टाकली आणि पुन्हा दिराकडे वळली. आता तिने खानावळवाल्या बाईचा प्रश्न विचारला. "दूध नासलं तर कळतं कसं?"

हा प्रश्न लहान्याला अपेक्षित नव्हता. "कानाला लावतात भांडं," तो म्हणाला. "ताजं दूध गप्प असतं. नासलेलं कुरकुर करतं."

"हं," वहिनी म्हणाली. थाप होती हे तिला पक्कं ठाऊक होतं, पण वाईट थाप नव्हती. "आणि खातात काय?"

"हाकारी. त्यांचा फार जुना पदार्थ. पिठाचा पातळ पापुद्रा, असा की मोडला तर शेजारच्या घरात ऐकू गेला पाहिजे. मुलगी बघायला येतात तेव्हा तिला काही विचारत नाहीत, भिंतीपलीकडे बसून नुसती तिची हाकारी ऐकतात. कणीक मळून रात्रभर झाकून ठेवायची, तिघीजणींनी ती बडवायची, मग दोन तापलेल्या दगडांमध्ये..."

"रात्रभर?" वहिनी म्हणाली.

"रात्रभर. शेकडो वर्षांची परंपरा आहे."

"मग शेकडो वर्षं चामडं खातायत ते. रात्रभर मुरलेली कणीक ताणली जाते, पातळ लाटली तरी वातड होते. वाजेल कुठली? फडफडेल फार तर."

"वहिनी, त्यांच्या आज्या-पणज्या..."

"पणज्यांना सांग माझ्याकडे शिकायला या म्हणावं." असं म्हणून वहिनी उठली. उठली म्हणजे टेबलाचा कोपरा धरून, मग खुर्चीची पाठ धरून, मग सुनेचा खांदा. पण गेली ती थेट स्वयंपाकघरात, जिथे आजारपणानंतर तिने पाऊल ठेवलं नव्हतं. "पीठ काढ," ती सुनेला म्हणाली. "आणि तुझा तो देश किती लांब आहे रे? मूर्खांना इतक्या लांबून निरोप कसा पाठवायचा?"

लहान्या परात पुसायला लागला. काही खोटी कामं मध्येच थांबून बघायची नसतात.

पहिला पापुद्रा वाकला. दुसरा मोडला, पण वहिनीने मान हलवली, "हा कण्हतोय." आच कमी केली, पिठात तुपाचं बोट फिरवलं, आणखी पातळ लाटलं. तिसरा तव्यावरून काढून तिने कानाजवळ नेला आणि मोडला. टच्. 

"बाहेरून बरा वाजतोय," वहिनी म्हणाली, "पण तोंडात कसा वाजतो ते बघायला हवं," आणि तिने तुकडा तोंडात टाकला. डोळे मिटून ती चावत राहिली. डोक्याच्या आत जो आवाज होतो तो बाहेरच्यापेक्षा मोठा असतो, हे लहान्याला माहीत होतं. वहिनी आत्ता तोच ऐकत होती. "कडेला वाजतो, मधे मुका आहे," तिने निकाल दिला आणि चौथा लाटला. मग पाचवा. प्रत्येकाची परीक्षा घ्यायची तर प्रत्येक खायला हवा. सून शाळेत शिकवायची, तिची दुपारची शाळा होती, ती खांद्याला पिशवी अडकवून दारात उभी होती, आणि तिची पावलं हलत नव्हती.

त्या दिवसापासून घराला एक देश मिळाला. लहान्या सकाळी जिना उतरून यायचा तो काहीतरी बातमी घेऊन. बिननाक्यांच्या राजाच्या वाड्यात म्हणे एक वाडगा आहे, त्यात सूप शांत ठेवतात आणि वरून भाजलेले दाणे टाकले की वाडगा बोलायला लागतो. त्याचं बोलणं ऐकल्याशिवाय चमचा लावणं म्हणजे रानटीपणा. वहिनीने दाणे आधी भाजून, मग गार करून, मग टाकायचे अशी सुधारणा सुचवली, कारण गरम दाणे एकदम आरडाओरडा करून गप्प बसतात, गार दाणे बराच वेळ कुजबुजतात. सुनेनेही एक पदार्थ आणला. बिननाक्यांच्या शाळेत परीक्षेच्या दिवशी पोरांना देतात म्हणे: खाली कढत कुस्करलेला बटाटा, वर बर्फासारखी काकडी, आणि चमचा तळापर्यंत घालून एका घासात हिवाळा-उन्हाळा दोन्ही खायचे. वहिनी तो घास घेऊन दचकली, मग हसली, मग म्हणाली, "ही सून आपल्या घरची वाटत नाही, तिकडचीच दिसतेय."

भांडणंही व्हायची. लहान्याने एकदा सांगितलं की उत्तरेकडचे बिननाके हाकारी गोल करतात. वहिनी म्हणाली, कालपर्यंत ती चौकोनी होती. तो म्हणाला, दक्षिणेत चौकोनी. ती म्हणाली, "मग दोघांत सोयरीक होत नसणार." तो म्हणाला, "होते, पण लग्नात सतराशे विघ्नं." असं करता करता वाडगा रिकामा व्हायचा आणि कुणी त्याच्याकडे बघायचंही नाही, कारण बघितलं की वहिनीला आठवेल की आपण जेवतोय, अशी सुनेला आणि लहान्याला दोघांनाही भीती.

एका दुपारी वहिनीने विचारलं, "त्यांच्यात कुणी गेलं तर काय शिजवतात?"

लहान्या काकडी सोलत होता. त्याच्या देशात आत्तापर्यंत कुणी मेलंच नव्हतं. "ते मी विचारलं नाही," तो म्हणाला.

"मी सांगते," वहिनी म्हणाली. ती खिडकीकडे बघत होती. "काही वाजणार नाही असं. दुधात शिजवलेला अगदी मऊ भात. चमचासुद्धा लाकडाचा, वाटीला लागून आवाज होऊ नये म्हणून. घर गप्प असतं ना, त्या गप्पपणाला धक्का नको."

"किती दिवस?"

"घरातलं सगळ्यात लहान माणूस जेवत नाही तितके दिवस. मग एक जण येतो बाहेरून. ज्याचं त्या घरात अजून काही नसतं, दुःखसुद्धा नसतं, असा कुणीतरी. तो त्या लहान माणसाच्या कानाशी हाकारी मोडतो. आणि विचारतो..."

 लहान्याच्या हातातली काकडी तशीच राहिली.

त्याला टोस्ट आठवला. टोस्ट म्हणजे शेगडीवर जरा जास्तच करपलेला पावाचा तुकडा. आई गेल्यानंतर तो खाटेखाली जाऊन बसायचा आणि कुणी काही पुढे केलं की ओठ घट्ट मिटायचा. घरातल्या सगळ्यांनी समजावलं, रागावले, रडले. आणि मग ही नवी, अजून घरातल्या कपाटांच्या किल्ल्याही माहीत नसलेली मुलगी खाटेखाली सरपटत आली, काही न बोलता तिने तो टोस्ट त्याच्या कानाशी धरला आणि मोडला. "ऐकलंस?" ती म्हणाली, "आत कुणीतरी आहे. कोण आहे ते चावल्याशिवाय कळत नाही." त्याने चावलं. आत कोण आहे ते शोधायला त्याने तो अख्खा टोस्ट संपवला, आणि पुढे सगळी नोकरी हेच केली, असं त्याला आत्ता, काकडी हातात घेऊन, लक्षात आलं.

"आत कोण आहे म्हणून विचारतो," तो म्हणाला.

"हां, तेच," वहिनी म्हणाली. "तुला ठाऊक आहे म्हणजे. मग मला कशाला विचारतोस?"

त्याला पुष्कळ बोलायचं होतं. आयुष्यभर थापा मारलेल्या माणसाची खरं बोलायची वेळ आली की जीभ जड होते. तो एवढंच म्हणाला, "वहिनी, तू तेव्हा खाटेखाली आलीस ते बरं केलंस."

"साडी मळली माझी," वहिनी म्हणाली. "नवी होती." आणि मग, "काकडी सोल. गरम होतेय ती."

डॉक्टरीणबाईंच्या काट्यावर वहिनी चपला काढून चढली. लहान्या आणि सून काट्याकडे न बघता भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत होती. डॉक्टरीणबाईंनी तिला उतरवून पुन्हा चढवलं. मग त्यांनी हातातलं पेन ठेवलं.

"चढलंय," त्या म्हणाल्या. "चांगलं चढलंय. नळीबिळी काही नको. वास यायला लागला का आजी?"

"छे."

"मग खाता तरी काय?"

"परदेशी."

"कुठलं? मलाही सांगा."

"तुम्हाला नाही झेपायचं," वहिनी प्रेमाने म्हणाली. "तुम्हाला नाक आहे."

बाहेर त्याच बाकड्याशी येऊन सून उभी राहिली. "काका," ती म्हणाली, आणि पुढे काही न म्हणता तिने खाली वाकून त्याच्या चपलेचा सुटलेला पट्टा लावून दिला. लहान्याने ते पाऊल मुद्दाम जरा जास्त वेळ पुढे धरून ठेवलं. नाही म्हटलं तरी वाजव्याचा मान होता.

घरी आल्यावर वहिनीने जाहीर केलं की उद्या ती एकटी स्वयंपाक करणार, कुणीही मधे यायचं नाही, आणि वाजव्या उद्या टेबलाच्या पुढच्या बाजूला बसणार. सगळी सकाळ दाराआडून लाटण्याचे, फोडण्याचे, झटकण्याचे आवाज येत राहिले. दुपारी तिने स्वतःच्या हाताने ताटं मांडली. हाकारीची चळत होती, बोलका वाडगा होता, आणि मधोमध खरपूस तळलेल्या बटाट्यांचा डोंगर. तिने नवीन पदार्थ म्हणून त्यांना नावही दिलं होतं: लहान्याची हाडं.

लहान्याने एक बटाटा उचलून चावला. काय वाजला तो. रेडिओत असा आवाज मिळाला असता तर त्याने एका बटाट्यात तीन खलनायक मारले असते. आणि मग, आवाज विरल्यावर, जिभेला कळलं की मिठाच्या जागी साखर पडली आहे, आणि ती हातचं न राखता पडली आहे.

सुनेने एक घास घेतला आणि मान वर न करता लहान्याकडे डोळे फिरवले. लहान्याने दुसरा बटाटा उचलला. मग तिसरा. त्याने बोलक्या वाडग्याला कान लावला आणि तो सूप प्यायला. तेही गोड होतं, कांद्याचं सूप असून. त्याने तेही तळापर्यंत संपवलं.

"कसं झालंय?" वहिनीने विचारलं. ती त्याच्याच तोंडाकडे बघत होती, खानावळीच्या दारातून बघायची तशी.

"ऐकायला असं काही मी उभ्या जन्मात जेवलो नाही," लहान्या म्हणाला. आणि हे त्याच्या सबंध आयुष्यातल्या अगदी थोड्या, साक्षीपुराव्यासह खऱ्या निघणाऱ्या वाक्यांपैकी एक होतं.

"मीठ?"

"बिननाक्यांत मिठाचं विचारत नाहीत. पाहुण्याचा अपमान होतो."

वहिनीने त्याच्याकडे बघितलं, सुनेच्या न संपणाऱ्या घासाकडे बघितलं. उठून ती फळीपाशी गेली. दोन सारखेच डबे तिने खाली घेतले, एक उजव्या कानाशी धरून हलवला, मग दुसरा. पुन्हा पहिला.

"साखर जाड वाजते," ती म्हणाली. "मीठ बारीक बोलतं. कालपर्यंत मी ऐकलंच नव्हतं." डबे तिने जागा बदलून ठेवले. "आण ते ताट इकडे. गुळाची ढेप खाल्ल्यासारखं होत असेल तुला."

"हात लावू नकोस," लहान्या म्हणाला आणि त्याने ताट दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढलं. "वाढ अजून. ते कडेचे वाढ, कुरकुरीत."